सावरबोडीच्या घाटाचा संदर्भ

रत्नमालाने ते वाक्य चौथ्यांदा लिहिलं आणि ‘जतन करा’वर बोट दाबलं. ‘सावरबोडीच्या तलावाच्या दगडी घाटावर १९६१पर्यंत बौद्ध कुटुंबांना पाणी भरू देत नसत.’

ती साकोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायची. सावरबोडी तिचं गाव. कुणालाही लिहिता येतं अशा एका ऑनलाइन ज्ञानकोशात गावच्या तलावावर लेख होता. त्यात तलाव खोदवून घेणाऱ्या मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराचं, नाव होतं, हिवाळ्यात उतरणारे पक्षी होते, शिंगाडेसुद्धा होते. एवढं एकच नव्हतं.

दहा मिनिटांत वाक्य गेलं. काढणाऱ्याचा शेरा होता : ‘संदर्भ नाही. गावाची बदनामी.’ टोपणनाव काहीही असो, हा कैलाश हे तिला ठाऊक होतं. मालगुजाराचा पणतू, दहावीपर्यंत तिच्याच वर्गात होता.

पाचव्यांदा लिहायला गेली तर पानाला कुलूप. असे तंटे सोडवणारा कुणी अनोळखी प्रचालक मध्ये पडला होता आणि त्याने दोघांनाही चर्चापानावर बोलावलं होतं. कुलूप लागलं होतं ते मात्र तिच्या वाक्याविना.

तिने लिहिलं, ‘माझी मोठीमाय आनंदाबाई आजही हयात आहे. तिने हे स्वतः भोगलंय.’

प्रचालकाचं उत्तर सभ्य होतं. ‘आजींविषयी आदर आहे. पण इथे आठवण चालत नाही. छापील, स्वतंत्र संदर्भ हवा.’

शनिवारी तिने भंडाऱ्याची बस धरली. पुढचे दोन शनिवारही. वाचनालयातल्या जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे सोडता सोडता बोटं काळी झाली, नाक चोंदलं. शेवटी मे १९६१च्या एका अंकात, बाजारभावांच्या खाली, सहा ओळी सापडल्या. ‘सावरबोडी येथे दंगा. मज्जाव असताही अकरा बौद्ध स्त्रिया घागरी घेऊन तलावाच्या घाटावर उतरल्या.’ खाली अकरा जणींची नावं. शेवटचं : आनंदाबाई, वय सतरा.

तिने बातमीचा फोटो चर्चापानावर चढवला आणि नवं वाक्य सुचवलं : ‘१९६१मध्ये अकरा बौद्ध स्त्रियांनी या घाटावर पाण्यासाठी सत्याग्रह केला.’ दोन दिवसांनी कैलाश महाविद्यालयाच्या फाटकाशी मोटारसायकल लावून उभा होता.

“छापून आलं म्हणतं ना? मंग जसं छापलं तसंच लिव. दंगा.”

“पाणी भराले गेल्या होत्या त्या.”

“पेपरात तसं नाही ना.” त्याने आवाज खाली आणला. “सारी दुनिया वाचंल, रत्नमालाच्या मोठीमायनं दंगा केला म्हणून. त्यापेक्षा सोड ना. कायले उकरून राहिली?”

प्रचालकाचाही निकाल तोच आला. ‘सत्याग्रह’ हा तिचा शब्द संदर्भात कुठेच नाही. मज्जाव आहे आणि दंगाही आहे. एक घेऊन दुसरा गाळता येणार नाही. पान उघडलं आहे, लिहायचं तर दोन्ही लिहा.

ती गावी गेली. आनंदाबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. रत्नमालाने शेजारी बसून बातमी वाचून दाखवली.

“काय गाळलं तुनं?” सुपावरून मान न उचलता मोठीमाय म्हणाली. “मधात थांबली तू.”

रत्नमालाने पुन्हा वाचलं. या वेळी ‘दंगा’सकट.

“हा शब्द टाकावाच लागते म्हणतात,” ती म्हणाली. “मी सगळंच सोडून देतो, मोठीमाय. राहू दे.”

“काहून?” आनंदाबाईने एक खडा उचलून बाजूला फेकला. “मालगुजाराच्या मानसानं माही घागर फोडली. मी दुसरीची घागर घेतली आन् त्याच्या डोक्स्यात हाणली. रगत पायरीवर आलं. पानी भराले त आमी रोजच जात होतो, नाल्यावर. त्या दिवशी दंगा कराले गेलो होतो.”

साठ वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं.

“नावं हायेत का त्यात?”

“अकराही आहेत.”

“मंग लिव. दंगा लिव, नावं लिव.” तिने सुपातली डाळ पाखडली. “रंभाबाईचं पयले टाक. पयला गोटा तिचा होता.”