माशांवरची नजर

ताईंनी कार्ड यंत्राला लावलं. दिवा लाल झाला. त्यांनी ते बाहीला पुसलं, फुंकर घातली, पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

“आज रुसलंय वाटतं माझ्यावर,” त्या पहारेकऱ्याकडे बघून हसल्या.

कालपर्यंत त्यांच्या गुडघ्याची चौकशी करणारा पहारेकरी स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“ताई, जरा बाजूला थांबता? वरून कुणीतरी येतंय खाली.”

ताईंच्या मागची रांग काही न बोलता शेजारच्या दाराकडे वळली, दगडाला वळसा घालून पाणी पुढे जावं तशी. त्या रांगेत ताईंच्याच विभागातली धाकटीही होती. तिला नोकरी लागली तेव्हा ताईंनीच तिला काम शिकवलं होतं, आपल्या डब्यातला घास दिला होता. आता ताईंच्या कोपराला तिचा कोपर लागला आणि चटका बसावा तसा तिने तो मागे घेतला.

तिने आपलं कार्ड लावलं. हिरवा. काचेचं दार सरकलं आणि कुणी मागून ढकलल्यासारखी ती आत आली.

या कंपनीत ‘जा’ म्हणून कुणी कुणाला सांगत नसे. दारच सांगत असे.

वर सगळ्यांच्या माना खाली होत्या. कॉफीच्या यंत्रापाशी रोज चालणारा दंगा नव्हता. खिडकीजवळच्या काही खुर्च्या अजून रिकाम्या होत्या आणि त्यांच्याकडे न बघता तिथून चालायचं कसब सगळ्यांना सकाळभरातच जमलं होतं. शेजारचा सहकारी ओठ न हलवता म्हणाला, “दुपारी फोन येणार आहेत म्हणे. ज्यांचे दिवे हिरवे लागले, त्यांच्यातल्याही काहींना.”

“कुणी सांगितलं?”

“भिंतींनी. तू कामाला लाग.”

ती कामाला लागली. अक्षरं डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पांगत होती. आणि मग तिला थोरला भाऊ आठवला, दादा.

दादा आज राजीनामा देणार होता.

दादा सरकारी जलशुद्धीकरण केंद्रात होता. पगार बेताचा, बढती गोगलगायीच्या पायांनी येणारी. पण त्या नोकरीच्या पदरात उपचारांचं एक कार्ड होतं. कोपरे मऊ झालेलं, आईच्या उशाखाली ठेवलेलं. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला नेलं, की इस्पितळाच्या खिडकीत ते दाखवायचं. कुणी काही विचारत नसे, कुणी काही मागत नसे. दादा निवृत्त झाला तरी ते चालणार होतं. फक्त त्याने मधेच नोकरी सोडायची नव्हती.

आणि तो सोडत होता. धाकटीच्याच कंपनीत येत होता, धाकटीच्याच शिफारशीवर. जेवताना किती वेळा तिने त्याला डिवचलं होतं. “तुमचं काय बाबा, ऊन असो वारा असो, खुर्ची उबवली की झालं! पेन्शन म्हणजे म्हातारपणाचं गाजर. तोवर दात राहायला हवेत ना खायला?” दादा हसायचा, वहिनी हसायची नाही. त्या न हसण्यातूनच हळूहळू हे सगळं उगवलं होतं.

तिने फोन लावला. तो वाजत राहिला. कामावर असताना दादाचा फोन खणात असतो, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने पुन्हा लावला, आणि पुन्हा.

मग तिने पर्स उचलली. साहेबांच्या दाराकडे न बघता ती जिन्याने उतरली. बाहेर पडायला कार्ड लागत नसे. जाणाऱ्याला ते दार कधीच अडवत नसे.

*

केंद्रातल्या त्या खोलीत ती लहानपणानंतर आलीच नव्हती; तेव्हा इथे बाबा नोकरीला होते. भिंतींना तोच ओला वास, खालून तीच पंपांची घरघर. मधोमध काचेची लांब टाकी, तिच्यात बोटाएवढे रुपेरी मासे. नदीचं पाणी शहराकडे जाण्याआधी त्याची एक धार या टाकीतून वाहायची. पाण्यात काही विषारी आलं, तर यंत्रांच्या आधी माशांना कळायचं. ते वर यायचे, तोंडं उघडून हवा गिळू लागायचे. तसं दिसलं, की भिंतीवरची लाल कळ दाबायची आणि शहराचं पाणी थांबायचं. म्हणून माशांपुढून कुणीही उठायचं नाही, दुसरं कुणी बसल्याशिवाय.

दादा स्टुलावर बसला होता. तिला बघून तो उठला नाही, पण त्याचा चेहरा उजळला.

“चिमणे! वाट चुकलीस की नव्या नोकराला न्यायला आलीस?”

“दादा, राजीनामा दिलास?”

“पाणी तरी पी.”

“दिलास?”

“सकाळीच. वर साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. म्हटलं, संध्याकाळपर्यंत मन फिरायचं.” त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “काय झालं?”

तिने सांगितलं. लाल दिवा सांगितला, बाहीला कार्ड पुसणाऱ्या ताई सांगितल्या, वळसा घालून गेलेली रांग सांगितली. आपणही त्या रांगेत होतो, हे तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं. दादा ऐकत होता, पण डोळे टाकीवर होते. इतक्या वर्षांची सवय. लोकांना वाटे त्याचं लक्ष नाही.

“विम्याचं म्हणाली होतीस ना? आईला पण धरतात म्हणून?”

“नोकरी आहे तोवर धरतात.”

“आणि पगार?”

“पगार चांगलाच आहे रे. खोटं नव्हते बोलत मी. फक्त...” तिने पर्स उघडून आपलं कार्ड बघितलं. “रोज सकाळी दार उघडेपर्यंत मी श्वास घेत नाही. पहिल्यापासूनच. तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच.”

खाली पंपांची घरघर चालू राहिली. दादाने कपाळ चोळलं.

“इथे मला कुणी काढणार नाही, आणि कुणी विचारणारही नाही,” तो हळूच म्हणाला. “मेलो तर दुसऱ्या दिवशी कळेल, तेही माशांना. म्हटलं, एकदा बघावं, आपली किंमत कुणी करतं का. माझ्या लेकीनं शाळेत सांगावं, माझे बाबा अमुक कंपनीत आहेत.”

तिने त्याच्या बाहीचं टोक धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

“साहेबांनी सही केली असेल?”

“केली असेल तर संपलं. नसेल, तर कागद मागे घेता येतो. पण ते आज लवकर निघणार, उद्यापासून रजेवर.” दादाने घड्याळाकडे पाहिलं, मग माशांकडे. “आणि माझा जोडीदार जेवायला गेलाय.”

“मी बसते.”

“नियम नाही.”

“दादा, आईचं कार्ड आहे रे!”

तो उठला. तिचे खांदे धरून त्याने तिला स्टुलावर बसवलं.

“पापणी लवली तर चालेल, मान वळायला नको. वर आले, तोंडं उघडली, की कळ दाबायची. विचार करत बसायचं नाही.”

त्याची पावलं जिन्यावर धडधडत गेली आणि नाहीशी झाली.

ती बघत बसली. मासे तळाशी होते, धारेकडे तोंड करून, एकाच जागी शेपट्या हलवत. लहानपणी आई दोघा भावंडांना निजवताना म्हणायची ते तिला आठवलं:

*दोन गं पाखरांना एका फांदीचा आधार*
*एकानं झोप घ्यावी, एकानं राहावं हुशार*

तेव्हा वाटायचं, जागं राहायचं ते दादाने. तो मोठा ना.

एक मासा वर सरकला. तिचा हात कळेकडे गेला. मासा वळला, खाली आला, इतरांत मिसळला. वर सही झाली असेल का? साहेब निघाले असतील का? जिन्यावर काहीच वाजत नव्हतं.

मग पर्समधला फोन वाजू लागला.

तिने मान वळवली नाही. पर्स मांडीवरच होती, तोंड उघडं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला उजळलेला पडदा दिसला आणि त्यावर कंपनीचं नाव. फोन वाजला, थांबला. पुन्हा वाजू लागला. कंपनीतून दुपारी तिला कधीच कुणी फोन करत नसे.

ती माशांकडे बघत राहिली. ते शांत होते.

जिन्यावर पावलं आली. दादा दारातूनच बोलू लागला, धापा टाकत, हसत.

“तसाच होता गं! सकाळी ठेवला त्याच ट्रेमध्ये, वर चहाचा कप ठेवलेला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आमच्या खात्याच्या आळसाला एकदा तरी...”

हातातला कागद त्याने फाडला होता. कपाच्या तपकिरी वर्तुळाचे दोन अर्धे भाग त्याच्या मुठीत होते. तो टाकीपाशी आला आणि सवयीने आधी माशांकडे बघितलं.

“ठीक आहेत ना?”

“ठीक आहेत.”

फोन अजून वाजत होता. दादाचं हसू ओसरलं. त्याने पर्सकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, वर्षानुवर्षं टाकीकडे पाहिलं तसं. काचेत तिचं प्रतिबिंब पडलं होतं. त्या प्रतिबिंबाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

त्याने जाऊन खिडकी सताड उघडली. मग कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून तिच्या शेजारी ठेवलं, बसला आणि टाकीकडे तोंड केलं.

“आता मी बघतो,” तो म्हणाला. “तू उचल फोन.”