थांब्यावरचा करंज

भातकुलीजवळच्या आमच्या गावाच्या एस.टी. थांब्यावर हिवराचा एक जुना वृक्ष होता. रस्ता रुंद करताना तो तोडला गेला. त्याच्याखाली भाजी विकणाऱ्या जयवंताकाकू मग छत्री उघडून बसू लागल्या. एका उन्हाळ्यात त्यांना तिथेच भोवळ आली. त्यांचा मुलगा शुभम बडनेऱ्याला रेल्वेत आहे. तो म्हणाला, "आता बस्स झालं. घरी राय." त्याची काळजी खरी होती, पण काकूंना घरी बसायचं नव्हतं.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच परतले होते. थांब्यावर कोणतं झाड लावावं, हे पंचायतीचे सदस्य वामनराव यांनी मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "बारमाही हिरवं पाह्यजे, अमरावतीच्या बगीच्यात असते तसं."

"काका, इथलंच पानझडी झाड लावू," मी म्हणाले. आमच्या भागातल्या विहिरींचं पाणी खारं, उन्हाळ्यात झाडाला पाणी घालायला कोणी नाही. टंचाईत पानं टाकून देणारं झाडच इथे तगतं. मी पळस सुचवला.

वांग्यांवर पाणी शिंपडता शिंपडता काकूंनी विचारलं, "वैशाखात पानं असतात का व त्याले?"

मी खरं ते सांगितलं. पळसाची पानं भर उन्हाळ्याच्या आधीच गळतात. नवी पानं नीट भरेपर्यंत वैशाख सरत येतो.

"म्हंजे ऊन सरल्यावर सावली! बाप्पा, सरकारी झाड दिसते."

वामनराव मोठ्याने हसले. मीही हसले, पण प्रश्न रास्त होता. इथलं असावं, पानं गाळणारं असावं, आणि तरी वैशाखाच्या आत पुन्हा भरून यावं, असं झाड कोणतं?

आईची स्कूटर घेऊन मी पुढचा सगळा उन्हाळा तीच तीच झाडं पुन्हा पाहायला जात राहिले. पळस उघडा होता. बहावा फुलांनी लदला होता, पण खाली ऊन सांडत होतं. नाल्याकाठचा करंज मात्र चैत्रात नुसत्या काड्या दाखवून मोकळा झाला आणि बघता बघता चकचकीत पानांनी भरला. खाऱ्या मातीत तो वाढतो. बकरी त्याला सहसा तोंड लावत नाही.

श्रावणात आम्ही करंज लावला. शुभमने विचारलं, "सावली कधी?"

"चार-पाच वर्षं लागतील."

त्याने आईकडे पाहिलं.

"तवर मी बसतो न," काकू म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तो बडनेऱ्याहून मोठी छत्री घेऊन आला.

नंतर मला अकोल्याला रोपवाटिकेत नोकरी लागली. होळीच्या दुपारी शुभमचा फोन आला. "तुह्या झाडाची पानं गेली. गावातले पोट्टे म्हणतात वाळलं, होळीत घालतो."

मी घाबरले. होळीसाठी नेलेल्या लाकडाबद्दल आमच्याकडे कोणी भांडत नाही, आणि एकदा ढिगावर पडलेलं लाकूड परत घेत नाहीत. "शुभमदादा, नखानं साल खरवडून बघ. आत हिरवी असेल."

"आईनं कवाच खरवडून दाखवली. वामनरावच म्हणे, जयवंता, मेल्यावर बी थोडी हिरवाई राह्यते."

"मग?"

"मंग काय! तिनं बुडाशी एक गोटा ठेवला, त्याले शेंदूर फासला. वामनराव हात जोडून गेले."

वैशाखात गावी गेले तेव्हा करंज माझ्या डोक्याच्या वर गेला होता. पानं कोवळी, तकतकीत. गोट्यापाशी कुणीतरी नारळ फोडला होता. झाडाची सावली जेमतेम एका टोपलीएवढी; तिच्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ठेवल्या होत्या. काकू शेजारी छत्रीखाली बसल्या होत्या.

"काकू, आता पानं आली. शेंदूर पुसायचा का?"

"राहू दे. पुढच्या होळीले पुन्हा लागन."

"आणि सावलीत तुम्ही नाही बसलात?"

त्यांनी एक जुडी उन्हातून आत सरकवली. "सांबार लवकर मरते व पोरी. मले टाइम आहे."