चार सेकंदांची स्थिर जमीन

ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा चालू होता. मेघानं डोळे मिटले, उघडले... चालूच होता. इतका इमानदार दिवा तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. गेल्या अकरा सुरुंगांत त्यानं एकदाही काम केलं नव्हतं, पण तोंडावर अपराधाची रेघ म्हणून नाही.

दिवा एका डबीवर होता, डबी भिकुबाईंच्या घरातल्या प्लगला, आणि डबीतून निघालेली वायर जमिनीवरच्या पिवळ्या पेटीत. काम तसं पोरखेळ. टेकडीमागच्या खाणीत भटू सुरुंगाचं बटण दाबणार, त्याच क्षणी रेडिओवरून डबीला इशारा येणार, डबी पेटीला ढोसणार—ऊठ!—आणि बॅटरीवर चालणारी पेटी चार सेकंद जमिनीची थरथर टिपून परत झोपणार. आपल्या मनानं उठायची मुभा पेटीला नव्हती. पहिल्या आठवड्यात दिली होती, तेव्हा तिनं पिठाची गिरणी, दोन म्हशी आणि कुणाच्या तरी हळदीचा डीजे मन लावून टिपला, आणि धुळ्याच्या ऑफिसातून योगराज सरांचा फोन आला, "मॅडम, आपल्याला सुरुंग मोजायचाय, वरात नाही." तेव्हापासून बाहेरून इशारा आला तरच उठायचं.

आणि पेटी उठत होती, हीच तर भानगड. सुरुंग उडाला तेव्हा गाढ झोपलेली, आणि सात-आठ मिनिटांनी, धूळसुद्धा खाली बसल्यावर, दचकून जागी. अकरा सुरुंग, अकरा फायली, प्रत्येकीत चार सेकंदांची स्थिर जमीन. मेघानं वायर दोनदा बदलली, पिना घासल्या, अर्थिंगचा खिळा ओल्या मातीत हातभर ठोकला, इशाऱ्याची पातळी खाली आणली, वर नेली, भटूचं घड्याळ मोबाईलशी जुळवलं—त्याच्यावर तिचा फार संशय होता, कारण जेवण सोडून भटू कशालाच वेळेवर नसे. डबी हातानं पन्नास वेळा तपासली. पन्नासही वेळा पास.

आज बारावा सुरुंग, आणि शेवटचा. उद्या अहवाल: कंपन आढळले नाही. म्हणजे मार्चमध्ये या घराची मागची भिंत पडली ती वयोमानानं, आणि तिच्याखाली भिकुबाईंचे मालक पुना आबा सापडले तेही... वयोमानानंच म्हणायचं. मागच्या बाजूला आता निळी ताडपत्री होती. उरलेल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा, चिमणीनं संसार थाटावा एवढा. आणि अहवाल कोरा गेला की खाण याच अंगाला सरकणार होती.

"काही ऊनं का वं माय, तुन्हा पेटीमा?" भिकुबाईंनी चहा पुढे सरकवला.

"अजून नाही, आक्का."

"येई. मशीन शे, तिले बी टाइम लागस."

टाइम. चार मिनिटं लागली होती फक्त. नऊ दिवस मेघा सिव्हिलच्या त्या लोखंडी खुर्चीवर बसली होती, वडिलांच्या, अण्णांच्या, छातीकडे बघत, आणि नवव्या दिवशी पाण्याची बाटली भरायला उठली—कूलरची धार बारीक होती—आणि परत आली तर सिस्टर नळ्या गुंडाळत होत्या. बाटली गच्च भरलेली. आत काही झालं नाही. झालंच नाही! कुंदा आत्यानं खांदे धरून हलवलं, "रड ना वं, मोकळी हो," जसं बंद पडलेल्या रिमोटला आपटतात. सगळे नातेवाईक ताटकळत उभे, आणि ही कोरडी. मग तीन आठवड्यांनी बँकेत टोकन नंबर सत्तेचाळीस पुकारला गेला आणि मेघा अशी हंबरली की मॅनेजरनं तिला आत नेऊन पेढा दिला. त्यानंतर पेट्रोल पंपावरचा पोऱ्या म्हणाला, शून्य बघा ताई, तेव्हा. गॅसचं सिलिंडर बदलताना, तेव्हा. योग्य वेळी काही नाही... मी तपासलं आहे ना, मला कुठेही सैल पिन सापडत नाही...

पहिला भोंगा वाजला. म्हणजे दहा मिनिटं.

एरवी या वेळेला ती खाणीवर भटूशेजारी असे, वेळ लिहून घ्यायला, नियमच तसा. आज शेवटचा सुरुंग म्हणून तिनं त्याला फोनवर सांगून टाकलं होतं, वेळ तू लिही. "म्हणजे जबाबदारी माझ्यावर?" भटू इतका घाबरला होता, जणू दारूगोळा आजवर मेघाच उडवत होती.

भिकुबाईंनी चूल विझवली, दाराआडची चप्पल पायात सरकवली, आणि बाहेर जाण्याऐवजी उलट तड्याच्या भिंतीकडे गेल्या. खटका खाली ओढला. पंखा मंदावला. ज्वारीचा दाणा विझला.

मेघा त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहिली.

"आक्का... काय केलंत?"

"मेन बंद करस."

"दर वेळी करता?"

"भोंगा वाजना की." त्यांना प्रश्नच कळला नाही, चूल विझवता का, असं कुणी विचारावं तसा. "मांगे एकदाव धमाकामा बलप फुटना, टीव्ही जळी गया. तवपासून आमना मालक बंद करेत. बठ्ठा गाव बाहेर, आनि हाऊ मानूस मझार! मी सांगू, मरू द्या तो बलप. नही." त्यांनी ताडपत्रीकडे पाहिलं. "आते त्या नहीत. मंग कोन करी?"

"आणि परत चालू?"

"धूळ बसनी की."

सात-आठ मिनिटं.

मेघा उठली, भिंतीशी गेली, खटका वर केला. पंखा हलला, हिरवा दाणा उजळला—आणि पिवळी पेटी टुक्क करून जागी झाली. वीज परत येताच डबीला लागलेली एक उचकी. बस. पडद्यावर बारावी फाईल: चार सेकंद, स्थिर जमीन. मेघाला आनंदाची उकळी फुटली, निर्लज्ज, गणित सुटल्यासारखी, आणि तिथेच आंबली. अहवालात एक रकाना असतो, दोषाचे कारण. तिथे काय लिहायचं? मयताची सवय, पत्नीने चालू ठेवली? ज्या धक्क्यानं माणूस गेला त्याचा पुरावा अकरा वेळा आला होता, या खोलीतून पायाखालून गेला होता, आणि अकराही वेळा भिकुबाईंनी, त्याचंच काम म्हणून, न चुकता... भटूसुद्धा इतका वक्तशीर नव्हता.

"अवं, चालू काब्र कया?" भिकुबाई पुढे आल्या. हात खटक्याकडे.

"राहू द्या आज. बाहेर चला."

"बंद करीसन येस. तू जाय."

सांगून टाकावं. एकच वाक्य होतं, जिभेवर तयार, पॉलिश केलेलं, खरं. तुम्हीच पुसत होतात, आक्का. मग भिकुबाई ते वाक्य घेऊन या धाब्याच्या घरात, ताडपत्रीशेजारी, उरलेली वर्षं बसतील. मेघाला चार मिनिटं पुरली होती, यांच्याकडे तर अकरा वेळा सात...

"आज मेन माझ्याकडे," मेघाच्या तोंडून निघालं. "तुम्ही जा. मी बघते."

म्हातारीनं तिला खालून वर न्याहाळलं, चार्ज द्यायच्या आधी बदलीवर आलेला तलाठी न्याहाळावा तसं.

"आठेच उभी ऱ्हाशी?"

"हो."

"त्या बी हायीच सांगेत," भिकुबाई म्हणाल्या, आणि गेल्या.

वा. मेघा तड्याच्या भिंतीखाली, मयताच्या जागेवर, रीतसर रुजू. पेटीकडे पाठ. दिवा चालू आहे की नाही ते इथून दिसत नव्हतं, पण पंख्याचा वारा मानेला लागत होता. बाहेर अंगणापलीकडे गाव उभं. फोन थरथरला, योगराज सर असतील, तिनं घेतला नाही. तड्यातून मातीचे दोन कण पडले, कुणीही इशारा न देता.

दुसरा भोंगा. म्हणजे एक मिनिट.

"पंखा फिरी ऱ्हायना वं!" बाहेरून भिकुबाईंचा आवाज फाटला. "बंद कर! बंद करीसन ये!"

खटका बोटांखाली गार होता. आणि तेव्हा मेघाला तो इतका ओढावासा वाटला की तिला लाज वाटली—पुरावा, अहवाल, खाण, सगळं जाऊ दे, फक्त हे एवढंसं खाली ओढावं, टक् आवाज व्हावा, येणाऱ्या गोष्टीसमोर निदान काहीतरी बंद केलं एवढं हाताला कळावं. बलपसाठी नव्हतेच येत आबा... ती तरी तहान लागली म्हणून कुठे उठली होती? बाटली अर्धी भरलेलीच होती. छातीची ती हालचाल लांबत चालली होती आणि तिनं ती पाहिली होती, नीट पाहिली होती, आणि मग उठली होती.

"मेघा वं!" भिकुबाईंनी पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली.

तिनं दुसरा हातही खटक्यावर ठेवला. वर धरून ठेवण्यासाठी की ओढण्यासाठी... दोन्ही हातांना वेगवेगळं माहीत होतं. तळव्याखाली काहीतरी बारीक थरथरू लागलं. सुरुंग अजून उडालेला नव्हता.