एकही भोक न पाडता

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग बाटलीसारखा हिरवा, दिवे गोल आणि स्वभाव संशयी. रंग आणि दिवे कारखान्यातून आले. संशय नंतर आला.

मी तयार झाले, तेव्हा सगळ्या गाड्यांना हीटर नसे. ज्याला हवा त्याने वेगळा मागवून बसवून घ्यायचा. माझे पहिले मालक डॉक्टर होते. ते जाड कोट घालत आणि कायम घाईत असत, त्यामुळे थंडीकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नाही. त्यांच्यानंतर मी एका कंत्राटदाराकडे गेले. त्याला गाण्यांचं वेड. त्याने ड्रिल आणवलं आणि रेडिओसाठी माझ्या डॅशबोर्डला भलंमोठं भोक पाडलं. रेडिओ थोड्याच दिवसांत बंद पडला. भोक मात्र राहिलं. तेव्हापासून कुणी हातात अवजार घेऊन माझ्याकडे टक लावून बघू लागलं, की याच्या मनात काहीतरी आहे, असं मला वाटतं.

पुढे बरीच वर्षं मी एका शेडमध्ये धूळ खात पडले होते. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. तिथून मला बाहेर काढलं ते आत्ताच्या मालकांनी. मालक घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी माझ्याच जातीच्या, मोडीत निघालेल्या गाडीचा डॅशबोर्ड मिळवला आणि मला बसवला. हँडल, आरसे, काचांची रबरं, सगळं माझ्या काळातलं शोधून आणलं. मग ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "हिच्यात बाहेरचा एक स्क्रू सापडला तर दाखवा." प्रदर्शनात लोक माझ्याभोवती फिरून फोटो काढत. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मालकीणबाई औषधांच्या दुकानात नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. रविवारी सकाळी दोघं माझ्यातून तळ्यापर्यंत फिरायला जात. उन्हाळ्यात मजा यायची. हिवाळ्यात मात्र दोघांच्या श्वासांनी माझी काच आतून धुरकट होई. मालक गाडी चालवत आणि बाई गुडघ्यांवर शाल घेऊन, पुढे वाकून, त्यांच्या समोरची काच पुसत. पुसली की पुन्हा धुरकट.

एका रविवारी वळणावर एक सायकलवाला अगदी जवळ येईपर्यंत दिसलाच नाही. मालकांनी करकचून ब्रेक दाबला. सायकलवाला कसाबसा सावरला आणि दोन शब्द सुनावून निघून गेला. बाईंनी फडकं घडी करून ठेवलं.

"तुमची गाडी राहू दे जशीच्या तशी," त्या म्हणाल्या. "मला अजून बरीच म्हातारी व्हायचंय."

त्या दिवसापासून त्या थंडीत माझ्यात बसेनाशा झाल्या. मालक मला झाकून ठेवू लागले. अधूनमधून एकटेच येऊन स्टिअरिंगमागे बसत. इंजिन सुरूही करत नसत.

आणि मग संशयाला जागा देणाऱ्या गोष्टी घडू लागल्या.

मालक दुकानात गेले असताना बाई गॅरेजमध्ये आल्या. हातात टॉर्च आणि शिवणकामाची टेप. त्यांनी माझं पांघरूण बाजूला केलं, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि मापं घेतली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचं एक खोकं आणून ते पाय ठेवायच्या जागेत सरकवून पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि घेऊन गेल्या. मला वाटलं, विकायचं ठरलं. मग वाटलं, नाही, कापायचं ठरलं.

नंतर त्या मिस्त्रींना घेऊन आल्या. प्रत्येक वस्तू उचलण्याआधी तिच्यावर फुंकर मारायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना फुंकर मिस्त्री म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यावर टकटक केलं आणि म्हणाले, "बसतंय वहिनी. इथूनच आत येईल."

"यांना एवढ्यात सांगू नका," बाई म्हणाल्या.

पत्र्याची असूनही मला घाम फुटायचा बाकी होता.

मालकांच्या नजरेतून काही सुटलं नाही. बॉनेटवर बोटांचे ठसे, सीट मागे सरकलेली. त्यांनी काही विचारलं नाही, गॅरेजला नवं कुलूप आणून लावलं.

"कुलूप बदललंत?" संध्याकाळी बाईंनी दारातून विचारलं.

"जुनं अडकत होतं."

"खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मित्रांनो, घरात दोन माणसं एकमेकांकडे चोरून बघू लागली, की गॅरेजमधल्या गाडीलाही ते कळतं. मी मालकांच्या बाजूने होते.

शेवटी बाईंनीच मालकांना गॅरेज उघडायला लावलं. मिस्त्री कापडात गुंडाळलेलं बोचकं घेऊन उभे होते. मालक त्यांच्या आणि माझ्या मधे येऊन उभे राहिले.

"ड्रिल कुठंय?"

"आणलंच नाही, दादा."

बाईंनी कापड सोडलं. आत एक हीटर होता. नवा चकचकीत नव्हे, माझ्याच काळातला, घासूनपुसून काळा रंग दिलेला. त्याचा आकार थेट त्या खोक्याएवढा होता.

"हिच्या पत्र्यात दोन गोल भोकं आहेत, रबराची बुचं लावून बंद केलेली," बाई म्हणाल्या. "कारखान्यानंच ठेवलीत, हीटरसाठी. काचेवर गरम हवा सोडायच्या फटीसुद्धा आहेत. कुठं काही कापायचं नाही."

"मला माहीत आहे," मालक म्हणाले.

मिस्त्री उगाचच एका पान्यावर फुंकर मारू लागले.

"माहीत होतं?" बाईंनी विचारलं. "आणि मी इतके हिवाळे काच पुसत बसले?"

मालकांनी माझ्या दारावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "ही आली तेव्हा हिच्यात हीटर नव्हता. एकदा काही घालायला लागलो, की कुठं थांबायचं ते कळत नाही, गं. रेडिओसाठी एकदा तसंच भोसकून ठेवलं होतं हिला."

"नको असेल तर हा परत देते," बाई म्हणाल्या. "पण मग थंडीत मला 'चल' म्हणू नका."

मालक माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता हे नाहीच म्हणणार. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि मिस्त्रींकडे हात पुढे केला. "पाना द्या. बुचं मी काढतो. ती टाकायची नाहीत, डबीत ठेवायची. उद्या कुणाला हीटर काढावासा वाटला, तर गाडी जशी होती तशी झाली पाहिजे."

दोघांनी मिळून काम केलं. इंजिनचं गरम पाणी पाइपांमधून हीटरमध्ये आणलं. हीटरच्या पंख्याची वायर वेगळी ओढली, माझी जुनी एकही वायर कापली नाही. मालक प्रत्येक जोड दोनदा तपासत होते, आणि मी त्या दोघांना तपासत होते. पहिल्यांदा पंखा लावला तेव्हा करपल्यासारखा वास आला.

"बघा, जळतंय," मालक म्हणाले.

"धूळ आहे," मिस्त्री म्हणाले. आणि ती धूळच होती.

पुढच्या रविवारी काच खालून वर हळूहळू स्वच्छ होत गेली. बाईंनी शाल मागे टाकली आणि पूर्ण वेळ तळ्याकडे बघत बसल्या.

त्या थंडीतल्या प्रदर्शनात परीक्षकांनी वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "हीटर कारखान्यातून आलेला?"

"नाही. नंतर बसवलाय. बायकोनं आणला," मालक म्हणाले.

माझे गुण कापले गेले. कप एका पांढऱ्या गाडीला मिळाला. परतताना दाट धुकं होतं. रस्त्याच्या कडेला तीच पांढरी गाडी थांबलेली दिसली. तिचे मालक रुमालाने काच पुसत होते आणि त्यांची बायको कप पोटाशी धरून कुडकुडत उभी होती. बाईंनी मला थांबवायला लावलं आणि तिला आत घेतलं. ती हात शेकत बसली, कप मांडीवर. अशा तऱ्हेने तो कप माझ्यातूनच घरी गेला.

मित्रांनो, जुनी वस्तू जपताना तिच्यावर हत्यार चालवायला आलेल्याचा संशय जरूर घ्या. मी अजूनही घेते. पण आपल्या घरातलं माणूस टेप घेऊन आलं असेल, तर कुलूप बदलण्याआधी त्याला विचारा, "काय मोजतेस?" आम्हा वस्तूंना तोंड नाही. तुम्हाला आहे.