कलमाच्या जोडाखालची फूट

दर रविवारी सकाळी मी आमच्या गल्लीतल्या चाळीस घरांना फोनवर बागेचा सल्ला पाठवते. या ऋतूत काय पेरायचं, काय छाटायचं, पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी का घालायचं, सगळं. कोणी विचारलेलं नसतं. तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं वेगळी करत बसले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे गेलीच पाहिजे, हा माझा हट्ट. 'फोटो पाठवू नका, लक्षणं सांगा,' असंही मी वर ठणकावते. फोटो बघून काय, कोणीही सांगेल.

थंडी सरत आली होती. एका रविवारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांनी मेसेज करून विचारलं, "ताई, संत्र्याचं झाड वरून वाळल्यासारखं दिसतंय. पानं सगळी गळलीत. खालून मात्र जोरदार फूट आलीय. काय करू?" मी टोमॅटोची रोपं लावत होते, हात मातीने भरलेले. एका बोटाने लिहिलं, 'वरचं वाळकं मन घट्ट करून छाटा. खालची फूट ठेवा. झाड नवं होईल.' आणि पुढच्या रोपाकडे वळले.

बुधवारी दुपारी त्यांचा फोटो आला, माझा नियम मोडून. खाली लिहिलं होतं, 'आपल्या सल्ल्याप्रमाणे.' गुडघाभर उंचीचा बुंधा, त्यातून सरळ वर गेलेल्या हिरव्यागार काठ्या, बोटभर काटे, आणि एकेका देठाला तीन-तीन पानं.

संत्र्याच्या देठाला एकच पान असतं. कलमाच्या झाडात खाली मुळं एका रानटी खुंटाची असतात आणि जोडाच्या वर संत्रं. ही फूट जोडाखालची होती, खुंटाची. वरचं संत्रं मेलेलं नव्हतं, थंडीने पानं टाकून गप्प बसलं होतं. ते मी कापायला लावलं होतं.

आणि झाड कोणाचं, तर त्यांच्या आईचं. आजींनी उभा जन्म रोपवाटिकेत कलमं बांधण्यात घालवला. हे शेवटचं, स्वतःच्या अंगणातलं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला. तेव्हापासून त्या मागच्या दारात चाकांच्या खुर्चीवर बसून त्या झाडाकडे बघतात.

चाकू आणि कलम बांधायची पट्टी पिशवीत टाकून मी निघाले. वाटेत खोटं जुळवत होते: म्हणायचं, आता संत्र्याच्या काडीवरचा नवा डोळा, म्हणजे कोंबाची कळी, खुंटावर भरला की फळ आणखी गोड येतं. कोणाला कळणार? चाळीस घरांत माझी काय ती पत, ती एका झाडापायी घालवायची?

"छाटलेल्या फांद्या कुठायत?" मी दारातच विचारलं.

"मटारच्या वेलांना आधाराला रोवल्या. तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, काही वाया घालवू नका." औषधवाले हसले. "छाटताना आई मात्र फार चिडली हो. काठी आपटत होती सारखी. मला वाटलं, ऊन लागतंय. खुर्ची आत नेली आणि उरलेलं उरकलं."

मला त्यांच्याकडे बघवेना. वाफ्यात वाकले आणि एकेक काडी उपटून नखाने साल खरवडू लागले. पहिली तपकिरी. दुसरी तपकिरी. बारीक काड्या सगळ्याच गेलेल्या. सातवी पेन्सिलीएवढी जाड होती, तळाशी ओल धरून राहिलेली. साल निघाली आणि खाली हिरवं, जिवंत दिसलं. मला रडूच आलं, पण नाक पुसून निभावलं.

त्या काडीवर तीन डोळे धड होते. मी बुंध्याशी बसले. खुंटाच्या सालीला उभी चीर दिली, आडवी दिली. पहिला डोळा काढताना फाटला. दुसरा मातीत पडला. उरला एक.

तेवढ्यात मागे चाकं करकरली. आजींनी काठी आपटून मुलाला खुर्ची बाहेर आणायला लावली होती. मी तिसरा डोळा अलगद काढला, चिरेत सरकवायला गेले आणि त्यांच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. पकड अशी की चाकू सुटावा. घशातून एक घरघर आली. त्यांनी हनुवटीने कळीखालच्या देठाच्या खुणेकडे दाखवलं, मग आभाळाकडे; खूण वर आली होती. मी तो उलटा बसवत होते. तसा बसवला असता तर गेलाच असता.

सुलटा केला. त्यांनी मनगट सोडलं नाही. माझा हात धरूनच तो आत सरकवला आणि पट्टी किती घट्ट ओढायची तेही ओढून दाखवलं.

"आई काय म्हणतेय, ताई?" औषधवाल्यांनी विचारलं. "झाड नवं होईल ना?"

गोड फळाचं वाक्य तोंडाशी तयार होतं. आजी माझ्याकडेच बघत होत्या.

"माझं चुकलं म्हणतायत," मी म्हणाले. "आत्ता नाही, रविवारीच. झाड जिवंत होतं. मी न बघता सांगितलं आणि तुम्ही कापलंत. त्या काठी आपटून तेच सांगत होत्या."

औषधवाल्यांनी आईकडे बघितलं, आणि ते खुर्चीशेजारी खाली मातीत बसले.

"हा डोळा जगेल?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "तीन आठवडे लागतात कळायला. आजींना आत नेऊ नका."