शून्य ते शंभर

मी आलेखाचा उभा अक्ष. डाव्या कडेला आकडे अंगावर घेऊन उभा असतो ना, तोच. माझ्याकडे तुमच्यापैकी कोणी ढुंकूनही बघत नाही. तुम्ही बघता ती रेघ. ती वर गेली की तुमची छाती धडधडते, सरळ चालली की तुम्ही जांभया देता. आकडे वाचायचे कष्ट तेवढे नकोत. म्हणूनच तुम्ही माणसं मला मुळीच आवडत नाही, आणि हे तोंडावर सांगायला मी भीत नाही.

माझा जन्म औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात, सोमनाथच्या कॉम्प्युटरवर झाला. त्याचे वडील तात्यासाहेब खुलताबादजवळ शेतावर राहतात आणि रेशमाच्या अळ्या पाळतात. सोमनाथने त्यांच्या शेडमध्ये तापमान मोजणारा सेन्सर टांगला. त्याचे आकडे इंटरनेटवरच्या एका पानावर येत आणि तिथे माझ्याशेजारी त्यांची रेघ होई; ते पान घरूनही उघडायचं.

मला त्याने ऑटोमॅटिकवर सोडलं होतं. म्हणजे दिवसभरात जेवढा फरक पडेल, तेवढाच मी ताणून पडदाभर करायचा. सव्विसाचे सत्तावीस झाले तरी रेघ डोंगर चढायची. एवढं पाहून हा शहाणा सोमनाथ फोन उचलायचा.

"तात्या, शेड पेटलीय का तिकडं? कूलर लावा आधी!"

"आरं, गार हाय इथं. मी आतच उभा हाय."

"मला दिसतंय ना इथं!"

"तुला तिथं बसून दिसतंय, अन् मला इथं उभं राहून दिसंना व्हय?"

विनाकारण कूलर चालून एकदा अळ्यांना घालायचा तुतीचा पाला ओला होऊन नासला, त्याचंही खापर तात्यांच्याच माथी फुटलं. मग सोमनाथने फर्मान काढलं, यापुढे त्याला विचारल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही. तात्या म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मध्ये किती राग होता, ते त्याच्या कानात शिरलंच नाही.

सोमनाथच्या पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये हे भांडण रोज ताटावर यायचं. त्याची बायको श्रेया पार विटली. तिलाही कॉम्प्युटरमधलं कळतं. एका रविवारी नवरा अंघोळीला गेल्यावर तिने घरीच ते पान उघडून मला पकडलं आणि ठोकून बसवलं: खाली शून्य, वर शंभर. झालं, डोंगराचं पठार झालं. शून्य ते शंभर! अळ्यांना बर्फात ठेवायचं होतं की उकळत्या पाण्यात? पण रेघ सपाट झाली, सोमनाथ गप्प झाला आणि घरात शांतता नांदली. माझ्या अंगावरचे आकडे बदललेत, हे त्या गृहस्थाला दिसलंच नाही.

मग उन्हाचा तडाखा आला. अळ्या कोष विणायच्या बेतात होत्या, महिन्याची मेहनत हाताशी आली होती. दुपारी तात्यांचा फोन आला. "सोमा, लई उकडतंय. अळ्या पाला खाईनात. कूलर लावू का?"

सोमनाथने पान उघडलं. रेघ जराशी वर झुकली होती, इतकंच. "रेघ सरळ आहे तात्या. उगाच ओल करू नका."

"बरं. तुझी रेघ म्हणंल तसं."

तात्या बाहेर लिंबाखाली हाताची घडी घालून बसले. सारजाबाई, त्यांची बायको, कळवळून म्हणाली, "अवं, लावा की तो कूलर! जीव जातील त्यांचे."

"जाऊ दे. त्याला दिसतंय ना समदं!"

लेक आडमुठा, तर बाप त्याच्याही वरचढ. त्या दोघांच्या अहंकारात अळ्या फुकट गेल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त लुळ्या पडल्या.

तेव्हा कुठे सोमनाथने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रेघ अडतिसावर होती, आणि अळ्यांना तिशीपुढचं सोसत नाही. आकडा दुपारपासून तिथेच होता.

"हे शंभर कोणी केलं?"

"मी," श्रेया म्हणाली. "जेवायला बसलात की रोज बापावर ओरडता, म्हणून केलं. आणि तुम्हाला आकडे वाचता येत नाहीत का?"

त्याने तात्यांना फोन लावला. मला वाटलं, आता तरी म्हणेल की चूक माझी झाली. कसलं काय! म्हणाला, "सेन्सर बिघडला होता, तात्या."

बिचाऱ्या सेन्सरने अचूक आकडे दिले, मी ते अचूक मांडले, आणि हा भेकड सगळं त्याच्यावर ढकलून मोकळा झाला.

पलीकडून तात्या म्हणाले, "मंग बिघडलेलं कशाला टांगून ठिवायचं?" त्यांनी वायर उपटली.

तेव्हापासून माझ्याशेजारी रेघ नाही. सोमनाथने मला पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकलंय, आणि आकडेच येईनासे झाले की मी शून्य ते एक असा रिकामा उभा राहतो. तात्यांनी नव्या अळ्या आणल्यात, हे सोमनाथला आईकडून कळलं. सेन्सर पुन्हा लावा म्हणायचं, तर तो बिघडला नव्हता हेही सांगावं लागेल. ते त्याच्या जिभेवर येत नाही.

आजही ऊन रणरणतंय. त्याने पान उघडलं, मला ताणून पाहिलं, दाबून पाहिलं. मग फोन हातात घेतला, तात्यांच्या नावावर बोट नेलं आणि फोन टेबलावर ठेवून दिला.

सोमनाथ, माझ्याशी कितीही झटापट कर, माझ्याजवळ दाखवायला काही उरलेलं नाही. शेडमध्ये किती तापलंय, हे आता फक्त तुझ्या बापाला ठाऊक आहे, आणि तू खरं बोलल्याशिवाय तो सांगणार नाही.