खाल्लेला काना

डॉक्टरबाई कोर्टासाठी मुलांशी बोलतात, मी ते टेपवरून ऐकून टाइप करते. कानावर पडेल ते कागदावर, जसंच्या तसं. बोबडं तर बोबडं, शिवी तर शिवी. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "तुम्ही इथं मास्तरीण नाही. कान आहात फक्त."

आता कानालाही स्वाभिमान असतो. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं सगळं रद्दीतल्या पेपरांवरून आणि एका फाटक्या व्याकरणावरून शिकले. अशुद्ध काही दिसलं की घासात खडा आल्यासारखं होतं मला.

ती पोर सहा वर्षांची. टेपवर म्हणाली, "आई पाडली. डोकं आपटलं. परत आपटलं. मग आईचं तोंडच नव्हतं."

भिंत पाडतात, झाड पाडतात. 'आई पाडली' कोण म्हणतं? म्हणायचं तर 'आईला पाडलं'. पुढचे दात नाहीत पोरीला, 'पडली' म्हणायचं असेल. मी काना खाल्ला.

खटल्यात तिच्या बापाचा वकील तोच कागद फडकवत उभा. "पडली, साहेब. जिन्यावरून पडली. डोकं आपटलं, पायरीवर. परत आपटलं, खालच्या पायरीवर. पोटची पोर सांगते आहे." बाप रुमालानं डोळे पुसत होता. तो सुटला की पोर मावशीकडून थेट त्याच्या घरी, त्याच जिन्यापाशी जाणार होती.

मधल्या सुट्टीत मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.

"तुम्ही तिच्यासमोर बसला होता ना बाई? तुम्हीच सांगा की."

"वर्षाला दीडशे मुलं बसतात माझ्यासमोर. तुमचा कागद वाचून वाचून मलाही आता 'पडली'च आठवतं. माझी आठवण पुरावा नाही, टेप आहे. आणि चूक ज्याची, त्यानंच सांगायची."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल," त्या म्हणाल्या आणि स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली.

दुपारी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले.

"शिक्षण?" वकिलानं विचारलं.

"सातवी."

"आणि मुलीचं बोलणं तुम्ही सुधारलंत! वा, पंडितच!"

"तिथंच माती खाल्ली, साहेब."

लोक हसले. मग टेप लागली आणि हसू थांबलं. आई पाडली. डोकं आपटलं. परत आपटलं. सगळी वाक्यं तीच, पण आता त्यांच्यामागे एक हात उभा राहिला होता.

तो हात मला दिसायच्या आत माझ्या अंबाड्यात होता. बाप कठडा ओलांडून आला होता. "खोटं लिहितेस? रांडे, माझ्या पोरीच्या तोंडी घालतेस?" त्यानं माझं कपाळ पिंजऱ्याच्या लाकडावर आपटलं. आतून नारळ फुटल्यासारखा आवाज आला. परत आपटलं. नाकाचं हाड मोडलेलं मी ऐकलं. कान ना मी! तिसऱ्यांदा दात ओठातून आरपार गेला, आणि त्यानं मला केसांना धरून जमिनीवर फेकलं. तीन पोलिसांनी त्याला ओढलं तेव्हा त्याच्या मुठीत माझ्या केसांचा पुंजका होता, मुळाशी कातडीसकट. डॉक्टरबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्यांची पांढरी साडी बघता बघता लाल झाली.

न्यायाधीश उभेच होते. आवाज फुटल्यावर त्यांनी कोर्टाच्या टायपिस्टला मजकूर सांगायला घेतला, "आरोपी साक्षीदाराच्या अंगावर धावून गेला. झटापटीत साक्षीदार खाली पडली..."

मी तोंडातलं रक्त थुंकलं.

"साहेब, पाडली. काना राहिला."

टायपिस्टची बोटं थांबली. तिनं वर पाहिलं.

"लिहा," न्यायाधीश म्हणाले. "बाई म्हणतात तसंच. जसंच्या तसं."

मी डोळे मिटून घेतले आणि ती एक कळ वाजेपर्यंत कान देऊन पडून राहिले.